सुईमावशी आणि वेलींचं चिमुकलं कुळ

वाळवलेल्या झाडांचे नमुने जाड कागदावर शिवून बसवायचे, हे तिचं संग्रहालयातलं काम. म्हणून सगळे तिला सुईमावशी म्हणत. एकोणतीस वर्षं खिडकीपाशी तेच टेबल. हजारो झाडं हाताखालून गेली, पण त्यांतलं एकही तिने जंगलात उभं पाहिलं नव्हतं. "माझी नि झाडांची भेट ती मेल्यावरच," ती हसून म्हणायची.

एकदा वनस्पतींच्या एका चिमुकल्या कुळाचे नमुने लावलेले जुने कागद दुरुस्तीला आले. उष्ण जंगलातल्या लाकडी वेली, जगभरात मिळून जेमतेम वीसेक जाती. फांद्यांना गळासारख्या वाकड्या आकड्या. टाके घालताना मावशीने वेलीचं एक पान उलटलं, तर पाठीवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे. आधी वाटलं, हा आपल्याच सुईचा प्रताप! पण एकही आरपार नव्हता.

"हे मी कुठेतरी पाहिलंय," म्हणत ती उठली आणि ओळख न पटलेल्या नमुन्यांच्या कपाटातून सरळसोट रोपट्यांचा अकरा कागदांचा गठ्ठा घेऊन आली.

तिथल्या शास्त्रज्ञ बाई वयाने तिच्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "अहो मावशी, ही वेल कुठेय? एक आकडी नाही हिला."

"नसू दे. पान तर बघा."

बाईंनी भिंग लावलं. वेलीचं पान आणि रोपट्याचं पान आळीपाळीने पाहिलं. "या वेली लहानपणी ताठ वाढतात, आकड्या नंतर फुटतात, असं वाचलं होतं मी. आणि गठ्ठा इतकी वर्षं नाकासमोर! उद्या जंगलात येता? खात्री करू."

"माझे गुडघे बघितलेत का?"

"सावकाश जाऊ."

जंगलात गुडघ्याएवढं रोपटं ताठ उभं होतं. शेजारीच त्याच जातीचं, मनगटाएवढं जाड एक खोड. मावशीने त्याला हात लावला आणि वर पाहत गेली. डोक्याच्या उंचीवर पहिली आकडी, शेजारच्या झाडाची फांदी घट्ट धरलेली. मग दुसरी, तिसरी, पुढे मोजताच येईना. पार शेंड्यावर, उन्हात, तांबूस पंखांची फळं. एक सुटलं आणि भिरभिरत तिच्या पायाशी आलं. ती नुसती खालचं पान गालाला लावून उभी राहिली.

"गार आहे हो," ती शेवटी म्हणाली.

सोमवारी ते अकरा कागद त्या कुळाच्या कपाटात गेले. ओळख पटवणारी म्हणून प्रत्येकावरच्या चिठ्ठीवर बाईंनी मावशीला तिचंच नाव लिहायला लावलं. पहिल्या चिठ्ठीवर तिने सवयीने 'सुईमावशी' असंच लिहिलं, म्हणून ती चिठ्ठी फाडून दुसरी घ्यावी लागली.