कोऱ्या भिंतीतली तुळई

हैदराबाद राज्याची वाटणी चालली होती, तेव्हा मी बरकतपुऱ्यात नोकरदारांच्या छोट्या घरांवर ओव्हरसियर होतो. तिथला गवंडी पान चघळत, विटेला टिचकी मारून तिचा आवाज ऐकूनच ती लावी. मागच्या कोऱ्या भिंतीतही तो दाराच्या उंचीवर दगडी तुळई बसवी.

"दरवाजा किधर है, मियाँ?"

"बहू आएगी तब नीचे की ईंटां निकाल लेना, साब. पीछे कमरा जुड़ जाएगा."

मोठे साहेब पाहून खूश झाले. "कल्पना कुणाची?"

गवंड्यादेखत मी म्हणालो, "माझी."

साहेब गेल्यावर तो हसला. "अच्छाच हुआ, साब. मेरी बोलते तो तुड़वा देते थे."

बढती मला मिळाली. त्याच्या त्या वाक्याच्या आडोशाला मी म्हातारा झालो. कल्पना त्याची होती.