व्हर्नाच्या घराची तपासणी

व्हर्ना स्टॉल्ट्झने अमेरिकेतल्या टोलेडो शहरात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. पोरांवर ओरडून कमावलेला आवाज निवृत्तीनंतरही तसाच राहिला. सरकारने परक्या कुटुंबांत ठेवून वाढवलेल्या मुलांसाठी आमच्या कॉलेजात शिष्यवृत्ती आहे, आणि तिच्याबरोबर प्रत्येकाला एक वडीलधारं माणूस जोडून देतात. ते काम माझं. ओडेसा प्रुइटला मी व्हर्ना दिली.

ओडेसा अकरा घरं फिरून आलेली. व्हर्नाने तिला गाडी शिकवली, पोरीने रसायनशास्त्रात गटांगळ्या खाल्ल्या तेव्हा चांगलं झापलं, आणि मग पोटभर जेवू घातलं. पोरगी दुसऱ्या वर्षात गेली.

नाताळात वसतिगृह तीन आठवडे बंद.

"माझ्याकडे ये गं. माझी बडबड ऐकायला कोणीतरी हवंच," व्हर्ना म्हणाली. कोणाला सहसा हो न म्हणणारी ओडेसा हो म्हणाली.

पण विद्यार्थी राहणार असेल तर आधी घर तपासायचं, हा आमचा नियम. लिहिलेला मीच. तपासणीचा कागद घेऊन मी गेले, तर ओडेसा तिथेच बटाटे सोलत बसलेली. तिला जरा बाहेर पाठवावं, एवढी अक्कल मला सुचली नाही.

"धुराचा अलार्म आहे?"

"आहे तर! माझा स्वयंपाक खाल्लायस ना तू?"

ओडेसा हसली. मी फ्रीज उघडून आत डोकावले, तसं तिचं हसू मावळलं. असे कागद तिने अकरा घरांत पाहिले होते.

"ही झोपणार कुठे?"

"माझ्या मुलाच्या, ग्रेगच्या खोलीत."

"आणि तुमचा ग्रेग सुट्टीला आला तर?"

व्हर्ना क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "होईल काहीतरी सोय."

ओडेसाने उरलेले बटाटे सोलले, सुरी धुऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: मैत्रिणीकडे राहते, तुम्हाला त्रास नको. अशी मैत्रीण नव्हतीच. जानेवारीत कॉलेज उघडलं, ती आली नाही. फोनही बंद.

मार्चमध्ये मी व्हर्नाला विचारलं, "तेव्हा तुम्ही गप्प का झालात?" खोटं कशाला बोलू, दोष तिच्या गळ्यात घालायला मी निमित्त शोधत होते.

"अगं, माझा ग्रेग सव्वासहा फूट," व्हर्ना म्हणाली. तिचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "त्याला सोफ्यावर झोपवलं तर पाय मावतील का, ते बघत होते."