वहिनीचा पंप

माझ्या वहिनीच्या तोंडून 'सॉरी' कुणी ऐकलेलं नाही. चूक झाली की ती 'चुकले' म्हणते, आणि तेही अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. लग्नाआधी माझा दादा चांगला तोंडाळ होता, आता तोलूनमापून बोलतो. मी मात्र तिला पुरून उरते. आम्ही एकाच घरात राहतो आणि एकाच कारखान्यात जातो, त्यामुळे भांडायला विषय कधी कमी पडत नाहीत.

कारखाना डिझेल इंजिनांचे पंप बनवतो. वहिनी त्यांचे आतले भाग आखते, मी तयार पंप विकते. पंपाचं काम सांगायला सोपं आहे: टाकीतून आलेलं डिझेल प्रचंड दाबाने इंजिनाकडे ढकलायचं. ढकलतो तो बोटाएवढा पोलादी दांडा, त्याला म्हणतात प्लंजर. तो ज्या नळीत खालीवर पळतो ती बॅरल. दोघांमधली फट केसाहूनही कितीतरी बारीक. ती वाढली तर डिझेल मागे गळतं आणि दाब पडतो. दांडा नळीला घासला तर अडकतो आणि गाडी आहे तिथे उभी राहते. वंगणाला वेगळं तेलही नाही, फटीत शिरेल तेवढ्या डिझेलवरच सगळं निभवायचं. नव्याने कामाला लागलेल्यांना वहिनी हे सगळं समजावते आणि विचारते, "आता सांगा, रात्री झोप लागेल?" तिला स्वतःला पाठ टेकली की लागते. कारखान्यात तिच्या माघारी तिला प्रेशरबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि माझा अंदाज असा, की आवडतंही.

बससाठीचा नवा पंप तिने स्वतःच्या हिमतीवर आखला. जुन्या प्लंजरवर अंगठीसारख्या गोल, बारीक खाचा असायच्या, त्या तिने काढून टाकल्या. दांडा सगळा गुळगुळीत ठेवला की गळती कमी होते, असं तिचं म्हणणं. गळती खरोखरच कमी झाली. आकडे बघून मोठे साहेब खूश, आणि मीही बसवाल्यांना शब्द देऊन मोकळी झाले. मग टिकाऊपणाची चाचणी लागली. तिच्यात पंप आठवडेच्या आठवडे न थांबता पळवतात. आमचा अर्ध्या वाटेतच अडकला.

साहेबांनी बैठक घेतली. प्लंजर टेबलावर ठेवला होता. कुणी म्हणालं वरून कडक मुलामा द्या, कुणी म्हणालं पोलाद बदला. खरेदीवाले तर दुसऱ्या कंपनीच्या तयार पंपाची माहितीच घेऊन आले होते. साहेब म्हणाले, "आणखी एक चाचणी. त्यात अडकला तर हा पंप बंद, आपण बाहेरचा घेऊ." मग आखणी विभाग तरी कशाला हवा, असं कुणी बोललं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

वहिनी भिंगातून प्लंजर बघत होती. तो खाली ठेवून ती म्हणाली, "मुलाम्याचा प्रश्न नाही. चुकले मी."

तिने प्लंजर साहेबांपुढे सरकवला.

"घासलंय ते एकाच बाजूला, बघा. डिझेलचा दाब एका अंगाने जास्त आला आणि त्याने दांडा भिंतीला दाबून धरला. खाचा असत्या तर डिझेल दांड्याभोवती गोल पसरलं असतं, दाब चहूबाजूंनी सारखा राहिला असता, दांडा मधोमध पळाला असता. जुन्या लोकांनी त्या काही शोभेसाठी पाडल्या नव्हत्या. मला वाटलं, मलाच जास्त कळतं."

"म्हणजे पुन्हा गळती वाढणार," खरेदीवाले म्हणाले.

"थोडी वाढेल. खाचा उथळ ठेवते, म्हणजे जुन्याइतकी नाही वाढणार."

"खात्री आहे?" साहेबांनी विचारलं.

"नसती तर गप्प बसले असते."

गप्प? ही बाई? मला त्या गंभीर वेळीही हसू आवरेना.

नवे प्लंजर आले, चाचणी सुरू झाली आणि माझ्या जिवाला घोर लागला. काहीतरी निमित्त काढून मी चाचणीच्या खोलीवरून जायची आणि आतली घरघर ऐकून परत यायची. एकदा ती थांबली. धावत गेले तर आत नुसता फिल्टर बदलत होते. मी तणतणत कँटीनमध्ये गेले. वहिनी शांतपणे जेवत होती.

"तुला काहीच कसं होत नाही गं?"

"होतं की. हा हात बघ."

हात बर्फासारखा गार होता.

"मग बोलत का नाहीस?"

"बोलून पंप चालतो का?"

मी तिच्या शेजारी बसले आणि कधी नव्हे ते भांडले नाही.

चाचणी पूर्ण झाली, त्या दिवशी पंप सगळ्यांसमोर उघडला. वहिनीने बॅरल उभी धरून हलकेच कलती केली, आणि प्लंजर आपल्याच वजनाने सरकत तिच्या तळहातावर आला. तिने तो भिंगाखाली फिरवला, मग साहेबांकडे दिला. सगळीकडे सारखी फिकट चमक होती, ओरखडा औषधालाही नव्हता. साहेब खरेदीवाल्यांना म्हणाले, "त्या लोकांना नाही म्हणून कळवून टाका." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही कामाचा वाटलेला नाही.

वहिनीने प्लंजर परत मागून घेतला आणि चाचणीवाल्यांच्या हातात दिला. "जोडा पुन्हा. आता मोडेपर्यंत चालवा."

"अहो मॅडम, पास झालाय तो!" साहेब म्हणाले.

"इथवर टिकतो एवढंच कळलंय, साहेब. कुठे मोडतो ते मला माहीत नाही. भरल्या बसमध्ये, भर रस्त्यात ते कळायला नको."

साहेब माझ्याकडे वळले. "आणि तुमच्या बसवाल्यांना काय सांगणार आहात?"

"हेच सांगते," मी म्हणाले, "की पंप तयार आहे, आणि जिने तो बनवला तीच आता तो मोडायला बसलीये."

तेच सांगून मी तो विकला.