कांड्यांच्या बुट्टीतला कुंदा

ही गोष्ट मी आजवर कुणाच्या कानावर घातलेली नाही. बायकोच्या नाही, मुलीच्या नाही. देवळात हात जोडून उभा असताना मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही, हेही आत्ताच कबूल केलेलं बरं.

आधी गोडाचं सांगतो. ते सोपं आहे.

मला गोड आवडतं. शुगर निघून दहा वर्षं होऊन गेली तरी आवडतं, आणि त्याची मला तसूभरही लाज वाटत नाही. मी बेळगावातल्या वडगावचा विणकर. घरात चार माग, सकाळपासून खटखट. संध्याकाळी माग बंद केले की कान बधिर झालेले असतात, डोळ्यांपुढे धागे नाचत असतात. अशा वेळी जिभेवर कुंदा ठेवून बघा. दूध आटवून आटवून तपकिरी केलेलं, दाणेदार, तुपानं चकचकीत — आणि मग मला सांगा, याच्याऐवजी सफरचंदाची फोड खा म्हणून. सफरचंद चांगलं असेल. पण ते कुंदा नाही. बिनसाखरेचा कुंदाही एकदा आणला होता घरात. तो खाऊन मला रडू आलं, एवढंच सांगतो.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला कधी खवखवलं नाही. शेजारच्या शहापूरच्या बोळातून पावशेर कुंदा घेऊन सायकलवरून घरी येताना मी जेवढा खूश असायचो, तेवढा लग्नाच्या वरातीतही नव्हतो. तुम्ही नाक मुरडाल. मुरडा.

आमचे डॉक्टर कानडी, पण मराठी आपल्याइतकंच बोलतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — गोड अगदी तोडा असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, चमचाभर. त्या दिवशी भात सोडायचा, थोडं चालून यायचं. आणि जे खाल ते घरात सांगून खायचं. किती सोपं होतं, नाही? पण मला त्यातलं 'चमचाभर' तेवढं मनाला लागलं. चमचाभर कुंदा म्हणजे लग्नाला जायचं, अक्षता टाकायच्या आणि पंगतीला न बसता परत यायचं. मला पंगत हवी होती.

मग मी एक युक्ती काढली. तपासणीच्या आधी तीन दिवस मी साधू व्हायचो. चहा बिनसाखरेचा, भात बंद, सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी लांबवर चालणं. चौथ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचं. रिपोर्ट झकास! आणि तिथून परतताना सायकल आपोआप शहापूरला वळायची. गल्लीतले लोक मला विचारायला यायचे, आण्णा, तुम्ही शुगर एवढी कशी आवरली? मी त्यांना सांगायचो. मनाचा निग्रह, म्हणायचो. वरून कीर्तन, आतून तमाशा. या ढोंगाचीही मला फारशी लाज वाटत नाही, खरं सांगायचं तर. कुणाचं काय बिघडलं त्यात?

बघा, मी अजून गोडावरच बोलतोय. मुद्द्याला येत नाही. येतो.

माझी थोरली बहीण — आक्का. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. निपाणीला दिली होती, पण तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि आमचे वडील, आप्पा, तिला परत घेऊन आले. तेव्हापासून ती आमच्यातच. मागाच्या खोलीत खिडकीखाली तिचा रहाट. त्यावर बसून ती दिवसभर कांड्या भरायची. कांडी म्हणजे आडवा धागा विणणाऱ्या धोट्यात घालतात ती सुताची छोटी नळी. भरलेल्या कांड्या ती शेजारच्या बुट्टीत, म्हणजे टोपलीत, रचून ठेवायची, रंगाप्रमाणे. सुमन, माझी बायको, मागावर असायची, त्यामुळे आमच्या रेखाला वाढवलं ते आक्कानंच. वेणी तिची, डबा तिचा, तापात उशाशी बसणं तिचं. रेखा तिला आत्ती म्हणायची आणि आईआधी तिला हाक मारायची.

आणि आक्काचे मांडे. आमच्याकडे लग्नात मुलीबरोबर मांड्यांची शिदोरी जाते. पालथ्या मडक्यावर कागदासारखी पातळ पोळी टाकायची, वर पिठीसाखर, खसखस, वेलची, तूप, आणि गरम असतानाच चौकोनी घडी घालायची. क्षणभर उशीर झाला की मोडते. आक्काची घडी कधी मोडली नाही. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की तारखेच्या आधी लोक आक्काला विचारून जायचे. विधवा बाई म्हणून हळदीकुंकवाला मागे बसवायचे तिला, पण चुलीपुढे तिच्याशिवाय पान हलत नसे. तिचा मान तेवढाच होता. त्या हातांचा.

मी कुंदा कुठं लपवायचो, आलं ध्यानात?

आक्काच्या बुट्टीत. कांड्यांच्या खाली, स्टीलच्या डबीत. त्या बुट्टीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. आक्काला पहिल्याच आठवड्यात कळलं. ओरडली नाही. एकदा रहाट थांबवून एवढंच म्हणाली, "बाळू, खायाचं तर समोर बसून खा. माझ्या हातनं घे चमचाभर. असं लपून खाल्लेलं अंगाला लागत न्हाय रं." म्हणजे डॉक्टर जे म्हणाले तेच. मी हसलो, व्हय व्हय म्हणालो, आणि डबी पुन्हा भरली. तिनं सांगितलं नाही कुणाला. माझ्यावर सोडलं. ही तिची चूक म्हणायची का?

पुढं रेखा नोकरीला लागली, आणि माझी तपासणी तिनं आपल्या हातात घेतली. तिनं डॉक्टरांना विचारून नवीन तपासणी करवली. ह्या तपासणीत तीन महिन्यांची साखर कळते. माझा तीन दिवसांचा संन्यास तिथं काय कामाचा? आकडा बघून डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, डोळे तपासून घ्या, पाय रोज बघत जा, हे असंच चाललं तर पुढचं मी सांगू शकत नाही. रेखा रिक्षात माझ्या शेजारी बसून रडली. घरी आल्यावर सगळ्यांना विचारत सुटली — आण्णांना गोड कोण देतंय? मी कानावर हात ठेवले.

त्याच आठवड्यात मागावरून एक साडी उतरली. लिंबाच्या रंगाची, जरीकाठाची. सुमननं ती दारात उजेडाला धरली आणि तिचा चेहरा उतरला. साडीच्या अंगात, मधोमध, चार बोटं रुंदीचा तेलकट पट्टा — या काठापासून त्या काठापर्यंत. एक कांडी जेवढं विणते तेवढा. त्या एका कांडीला तूप लागलं होतं. डबीचं झाकण नीट बसलं नव्हतं, आणि मी घाईत होतो. विणकराचा जन्म माझा. सुताला तुपाचा हात लावू नये हे मला लहानपणी मार खाऊन शिकवलेलं. तरी मी तूप सुताखाली ठेवलं.

सुमननं कांडीचा वास घेतला. मग ती बुट्टीपाशी गेली. कांड्या बाजूला केल्या, डबी काढली, उघडली. रेखाही तिथंच होती. दोघी आक्काकडे बघायला लागल्या. बुट्टी आक्काची होती ना.

आक्कानं माझ्याकडे बघितलं.

मी मूग गिळून बसलो. मागाच्या दांडीवर हात ठेवून खाली बघत राहिलो.

— नाही. हे खोटं आहे. तुम्हाला सांगतानाही मी खोटं सांगतोय. गेली सात वर्षं मी स्वतःलाही असंच सांगत आलो, की मी गप्प बसलो. गप्प बसणं त्यातल्या त्यात बरं दिसतं. पण मी गप्प बसलो नाही. रेखानं विचारलं, "आण्णा, ही डबी कुणाची?" आणि मी बोललो. अगदी स्पष्ट बोललो.

"आक्का देती," मी म्हणालो. "तिचं मन मोडवत न्हाय मला. मोठी बहीण हाय, न्हाय कसं म्हणू?"

ऐकलंत? नुसता आळ घातला नाही. वर स्वतःला भला भाऊ करून घेतलं.

रहाट थांबला होता. आक्का म्हणाली, "व्हय. मीच दिलं." बाकी काही नाही. माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

मग रेखा बोलली. जिची वेणी आक्कानं घातली ती रेखा. काय काय बोलली ते सगळं सांगत नाही, एक वाक्य सांगतो. "तुझा नवरा गेला, आता माझ्या बापाला पण घालवायचंय का तुला?" सुमननं तिला आवरलं. मी नाही आवरलं. मला आठवतंय, त्या क्षणी मला काय वाटलं ते. सुटलो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात आक्काला कुणी काही करू दिलं नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. ती उठली की सुमन म्हणायची, बसा आक्का, मी बघते. पंधरा दिवसांत गल्लीभर झालं — सख्ख्या भावाला गोड घालून घालून आजारी पाडलं. पुढच्या लग्नाला मांडे विचारायला कुणी आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमच्याकडे चोरानंच दोर आणून दिला.

महिनाभरानं आक्का निपाणीला गेली. दिराच्या घरी. ज्या घरात तिनं चाळीसहून जास्त वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, त्या घरी, पासष्टी ओलांडल्यावर. जाताना तिनं ती डागाची साडी मागून घेतली. विकली तर जाणार नव्हतीच. मी बसस्टँडवर पोचवायला गेलो होतो. बस सुटेपर्यंत अर्धा तास होता आमच्या हातात, आणि ती मला म्हणाली, औषध वेळेवर घे. मी बरं म्हणालो.

रेखाच्या लग्नात मांडे दुकानातून आणले. निम्म्यांच्या घड्या मोडलेल्या होत्या. आक्का पाहुण्यासारखी आली, खुर्चीवर बसली, आहेर केला, जेवून गेली. रेखानं वाकून नमस्कार केला तिला. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात निपाणीला गेलो होतो. दार आक्कानंच उघडलं. तीच लिंबू साडी नेसली होती. डाग कुठं दिसत नव्हता — तिनं निऱ्या अशा घातल्या होत्या की पट्टा बरोबर आत जावा. चहा आणला. दिराच्या सुनेसमोर बशी माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "बिनसाखरेचा हाय. बघ गं बाई तूच चाखून, उद्या माझ्यावर नको." सून हसली. तिला वाटलं आक्का चेष्टा करतेय. मीही हसलो.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. ती जिवंत आहे. रेखा जिवंत आहे. निपाणी इथून दीड-दोन तासांवर आहे, आणि फोन तर माझ्या खिशात आहे. मला कुणी धरून ठेवलेलं नाही.

आता माझी शुगर ताब्यात आहे. खरोखरीची. रेखा दर रविवारी सासरहून येते, कंग्राळीहून, स्कूटीवरून. येताना कुंदा आणते. जेवणात मला भात नसतो. जेवण झालं की सगळ्यांसमोर ती एक चमचा माझ्या वाटीत घालते, आणि मग आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत चालून येतो. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तस्सं. आक्कानं रहाट थांबवून सांगितलं होतं तस्सं. चमचाभर पुरतो, हे आता कळलंय. हळूहळू खाल्लं तर चांगला दहा मिनिटं पुरतो. मला कुंद्याचा राग येईल, घशाखाली उतरायचा नाही, असं मी कुठंतरी धरून चाललो होतो. तसं काही झालेलं नाही.

परवाच्या रविवारी वाटी पुढे करताना रेखा म्हणाली, "आत्तीनं असं मोजून दिलं असतं तर तिला जावं लागलं नसतं, न्हाय का आण्णा?"

सुमन माझ्याकडे बघत होती. खिडकीखाली रहाट अजून तिथंच आहे. त्यावर आता वाळलेले कपडे पडलेले असतात.

"व्हय," मी म्हणालो, आणि चमचा तोंडात घातला. कुंदा गोड होता.