मी स्वीकारलेली माफी

हे अभिजितलाही माहीत नाही. अभिजित माझा नवरा. आमच्यात लपवाछपवी नाही, असं तो चारचौघांत सांगतो. बहिणीला सांगितलं नाही, मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा माझं काही वाचून ओळखत असाल, तर चुकीचं ओळखता. तो दोष तुमचा नाही.

मी चित्रं काढते, आणि चित्रांसोबत लिहिते. कुणाची नोकरी नाही, डोक्यावर साहेब नाही. दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून काम करते. हे सगळं मी नव्यानं सुरू केलं ते पंचेचाळिशी उलटल्यावर. त्याआधी गुडगावच्या एका ऑफिसात कंपन्यांची माहितीपत्रकं सजवत होते. लेक शिकायला बंगळूरला गेली, घर रिकामं झालं, आणि एक दिवस मी राजीनामा दिला. अशा बाईला लोक एक प्रश्न हमखास विचारतात — मग मधली इतकी वर्षं का थांबलात?

साधा प्रश्न आहे. त्याचं उत्तरही साधं होतं. ते मी दिलं नाही.

आधी आईंबद्दल सांगते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. जन्म दिल्लीचा, सगळं आयुष्य दिल्लीत. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्या मराठी शिकवायच्या. घरात शुद्ध मराठी, पण मध्येच एखादं 'अच्छा' किंवा 'बिल्कुल' यायचंच. दिल्लीतलं मराठी जग लहान आहे हो. गणपतीत, नाटकाला, हळदीकुंकवाला तीच माणसं भेटतात, आणि त्यातली निम्मी आईंच्या हाताखालून गेलेली. चांगले जाडजूड झालेले, टक्कल पडलेले पुरुष त्यांना 'बाई' म्हणून वाकून नमस्कार करायचे.

मी पुण्याहून लग्न होऊन आले, चित्रकलेची पदवी घेऊन. सासरे आधीच गेले होते. आई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. अभिजित मानेसरच्या कारखान्यात. सकाळी कंपनीची बस पकडायचा, तो अंधार पडल्यावरच परत. दिवसभर घरात आम्ही दोघीच. त्या दिवसांत काय घडलं, काय नाही, ते फक्त आम्हा दोघींना माहीत. मला पुढे याच गोष्टीचा फार उपयोग झाला — हे लिहितानाही लाज वाटतेय.

तर तो प्रश्न. माझं पहिलं छोटंसं पुस्तक आलं होतं, घरच्या घरी छापून घेतलेलं, आणि दक्षिण दिल्लीतल्या एका वाचनालयानं मला बोलायला बोलावलं. बहुतेक बायकाच होत्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅम, इतने साल कहाँ थीं आप?"

मी म्हटलं, "घर में रंग और टर्पेंटाइन की बू किसी को पसंद नहीं थी।"

किसी को. कुणाचं नाव घेतलं नाही मी — बघा, अजून स्वतःची बाजू मांडतेय. सगळ्या खोलीतून एक सुस्कारा आला. ती मुलगी माझ्याकडे अशी पाहत राहिली, की तसं माझ्या कुठल्याही चित्राकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. नंतर चहाच्या वेळी एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सासूमाँ?" आणि मी हसले. फक्त हसले. कसं हसले ते तुम्हाला कळलं असेल.

पुढच्या वेळी 'सासूबाई' हा शब्द मी तोंडानं उच्चारला. त्याच्या पुढच्या वेळी त्यात 'हे रंगकाम स्वयंपाकघराच्या आसपास चालणार नाही' असं एक वाक्य आलं. ते आईंच्या तोंडी कधीही नसलेलं वाक्य इतकं खरं वाटायचं, की मला त्यांचा आवाज ऐकू यायला लागला होता. मग मी त्याची चित्रं काढली. एक मालिकाच झाली. त्यातलं सगळ्यांना आवडलेलं चित्र म्हणजे एका म्हाताऱ्या हाताचं — रंगांची पेटी मिटणारा हात, मनगटात दोन बारीक बांगड्या, करंगळी जराशी वाकडी. आईंची करंगळी तशीच होती. पाहून काढली मी ती, त्या शेंगा सोलत बसल्या असताना.

खरं काय होतं ते सांगू आता?

मी आले त्या महिन्यातच आईंनी मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली. त्यांचं पुस्तकांचं कपाट तिथे होतं, ते त्यांनी स्वतःच्या झोपायच्या खोलीत कोंबलं. म्हणाल्या, "इथे उजेड चांगला येतो. पोळ्यांचं मी बघते, तू बस."

मी बसले. पण त्याच सुमारास माझी चित्रं घेऊन मी एका मासिकाच्या ज्येष्ठ कलासंपादकांकडे गेले होते. त्यांनी सगळी चित्रं नीट पाहिली, चहा मागवला, आणि म्हणाले, "हाथ साफ़ है। पर इसमें आप कहाँ हैं?" एवढंच. वाईट बोलले नाहीत. पण त्यानंतर कॅनव्हाससमोर बसलं, की मला तेच ऐकू यायचं आणि हात उचलायचा नाही. दुपारभर मी खिडकीतून समोरच्या सोसायटीचे वाळत घातलेले कपडे बघत बसायचे. आणि — हे तर मी स्वतःशीही कधी बोलले नव्हते — टर्पेंटाइनच्या बाटलीचं झाकण काढून ठेवायचे. वास बाहेर जावा म्हणून. आईंना वाटावं, मी काम करतेय. त्यांना तसं वाटायचंही. फोन आला तर दबक्या आवाजात सांगायच्या, "आमची वृंदा कामाला बसलीय, नंतर बोलते."

तो वास आईंना आवडायचा. घरात काहीतरी चाललंय असं वाटतं, म्हणायच्या.

मग मला दिवस गेले, आणि निमित्त मिळालं. वास सहन होत नाही असं मीच म्हटलं. रंग माळ्यावर मीच टाकले. लेक शाळेत जायला लागली तेव्हा आईंनी दोनतीनदा विचारलं, "अगं, खाली काढायचे का ते रंग?" मी दर वेळी 'बघू' म्हणाले. शेवटी मला त्या प्रश्नाचाच राग यायला लागला. मग मी नोकरी धरली, आणि त्यांनी विचारणं सोडलं.

म्हणजे मला कुणी अडवलं? कुणीच नाही. मी घाबरले होते. पण 'मी घाबरले' असं म्हटल्यावर कुठल्या सभागृहातून सुस्कारा येतो, सांगा?

ती मालिका चालली. बोलावणी येऊ लागली, मोठ्या प्रकाशकानं पुस्तक केलं. हे सगळं हिंदीत आणि इंग्रजीत होतं, तोवर मी निर्धास्त होते. आई हिंदी बोलायच्या, पण वाचायच्या ते फक्त मराठी, आणि ते पुस्तक मी घरात ठेवलं नव्हतं. मग एका दिवाळी अंकानं लेख मागितला, चित्रासकट. नाही म्हणता आलं असतं. पण मराठीत आपलं नाव छापून येणार म्हटल्यावर... नाही म्हटलं नाही मी. आई दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे मला पक्कं माहीत होतं.

त्यांनी वाचला. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं — लेखकाला थोडी मोकळीक असते, आई, ती सासू म्हणजे तुम्ही नव्हे. त्यांनी विचारलंच नाही. पण त्या वर्षी मराठी मंडळाच्या फराळाला दोघी बायका बोलता बोलता गप्प झाल्या, आईंनी तेवढं पाहिलं, आणि घरी परतताना गाडीत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

विचारलं ते अभिजितनं. आम्ही दोघंच होतो. "आईनं खरंच असं केलं होतं?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी म्हटलं, "तू घरी कुठे असायचास?"

त्याचा चेहरा पडला. आपण घरी नसायचो, आपल्या मागे बायकोनं सोसलं, असं त्यानं धरलं. संध्याकाळचा चहा तो कायम आईंच्या शेजारी बसून घ्यायचा, बातम्या बघत, सरकारवर दोघं मिळून वैतागत. तो कप घेऊन बाल्कनीत जायला लागला. भांडला नाही. नुसता उठून जायचा. आई काही दिवस त्याची बशी स्वतःशेजारच्या स्टुलावर ठेवत राहिल्या.

आणि हे सगळं पाहूनही मी गप्प राहिले. पण मला जे सांगायचंय ते अजून पुढेच आहे.

थंडीचे दिवस होते. दुपारी मागच्या खोलीत ऊन येतं, मी काम करत होते. आई दारात आल्या, हातात सोललेल्या संत्र्याची बशी. "येऊ का?" म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या घरात कुठल्याही दारातून आत यायला त्यांनी परवानगी मागितली नव्हती.

बसल्या. म्हणाल्या, "वृंदा, मी खूप आठवून पाहिलं. मला तर असंच आठवतंय की मीच तुला ही खोली दिली. पण तू लिहिलंयस, म्हणजे तसं घडलं असणार. बोलणाऱ्याला आठवत नाही गं, ज्याला लागतं त्याला बिल्कुल आठवतं. शाळेतल्या मुली मोठ्या होऊन भेटायच्या, म्हणायच्या, बाई, तुम्ही मला असं बोलला होतात. मला काहीच आठवायचं नाही, तरी मी त्यांची माफी मागायचे. मग तुझी का नको? इतकी वर्षं गेली बघ तुझी. माफ कर मला."

वाकडी करंगळी बशीच्या काठावर टेकलेली होती.

मी काय काय म्हणू शकले असते? 'आई, तुमचं बरोबर आहे.' एवढं पुरलं असतं. त्यांना स्वतःची आठवण परत मिळाली असती, मुलगा परत मिळाला असता. त्या खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, माझी अब्रूही गेली नसती. त्यांनी कुणाला सांगितलं नसतं — मला माहीत आहे, नसतंच सांगितलं.

मी म्हटलं, "जाऊ द्या आई. झालं ते झालं."

आणि बशीतली संत्र्याची फोड उचलली. मी त्यांना क्षमा केली! त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मन मोठं आहे तुझं."

त्यानंतर त्या मोकळेपणानं सगळ्यांना सांगू लागल्या. कुणी घरी आलं, की माझी चित्रं दाखवायच्या आणि म्हणायच्या, "मीच हिला करू दिलं नव्हतं हो." शेजारच्या घरात नागपूरची एक नवी सून आली होती, गाणारी. तिच्या सासूला आईंनी स्वतः जाऊन समजावलं, "माझ्यासारखं करू नका, तिला गाऊ द्या." आता रोज सकाळी तिचा रियाज ऐकू येतो. ती मुलगी पेढे घेऊन आली होती, माझ्या पाया पडली. कुणी म्हणेल, चला, काहीतरी चांगलं झालं. मीही काही दिवस तसं म्हणून पाहिलं. पण ते चांगलं आईंनी केलं, न केलेल्या चुकीची भरपाई म्हणून. माझा त्यात काय वाटा?

या हिवाळ्यात आई गेल्या. न्यूमोनिया झाला, चारपाच दिवसांतच सगळं आटोपलं. अभिजित शेवटी त्यांच्या उशाशी बसून होता. तो परत त्यांच्याजवळ आला तो त्या शुद्धीवर नसताना.

शोकसभेला सोसायटीचा हॉल भरला होता. जुने विद्यार्थी बोलले. शेवटी अभिजित उभा राहिला. त्याला बोलायची सवय नाही, कागदही नव्हता हातात. म्हणाला, "माझ्या आईनं आयुष्यात एक मोठी चूक केली. पण ती तिनं मान्य केली, हात जोडून माफी मागितली. आणि वृंदानं ती दिली. मी मात्र आईला वेळेवर माफ करू शकलो नाही." आणि तो खाली बसला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीवर कुणाचा तरी हात आला. माइक समोरच होता. मला तेव्हा काय आठवलं, सांगू? पुस्तकाची नवी आवृत्ती छपाईला गेली आहे, हे आठवलं. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

आवृत्ती आली आहे. ते हाताचं चित्र त्यात आहे.

आईंनी मला एका शब्दानंही कधी अडवलं नाही. हे मी त्यांना सांगू शकले असते. त्या दुपारी, आणि त्यानंतर त्या जिवंत होत्या तोवर रोज.