कोणत्या देशमुखांची

अमिता देशमुख माझ्या दुकानातल्या साड्यांना फॉल लावायची, आणि हे पांढुर्ण्यात आम्हा दोघींशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. मी साड्या पिशवीत भरून तिच्या घरी न्यायचे आणि वर मेथीची जुडी ठेवायचे. तिचे वडील, बापूजी, दाराशीच खुर्ची टाकून बसलेले असत.

"काय आणलं वैशाली?"

"मेथी, बापूजी."

देशमुखांच्या लेकीने लोकांचं काम करायचं नाही, हा त्यांचा नियम. राहायचं भाड्याच्या दोन खोल्यांत आणि पाळायचे असले नियम! मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली तेव्हा बापूजी जन्मलेही नव्हते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. यांनी तर सुंभ डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, पीळ तेवढा वारशात आला.

अमिता एकोणचाळीस वर्षांची झाली होती. बी.ए. झाल्यावर तिला एका शाळेत नोकरी मिळत होती. आपल्या लेकी दुसऱ्याच्या हजेरीवर सही करत नाहीत, असं म्हणून बापूजींनी ती घालवली. कुणब्यांची चांगली स्थळं आली, ती उंबऱ्यावरूनच परत गेली. सोयरीक करायची ती देशमुखांतच, तीही कुळी तपासून. कोणाची पणजी कोणत्या घरातून आली होती हे बापूजींना तोंडपाठ, आणि कुठे ना कुठे त्यांना खोट सापडायचीच.

मग अमिताच्या धाकट्या भावाने, भूपेंद्रने, पुण्यात ऑफिसातल्या मुलीशी लग्न केलं. ती देशमुख तर नव्हतीच, जातही वेगळी. बापूजी थोडे दिवस रुसले आणि नंतर फेटा बांधून स्वागत समारंभात पाहुण्यांना जेवणाचा आग्रह करत फिरले. "पोराचं चालून जाते," म्हणाले. त्याच सुमारास काटोलकडच्या एका बिजवराचं स्थळ अमितासाठी येऊ घातलं होतं. पदरात दोन मुलं, पण देशमुख. त्यांचा निरोप आला की तुमच्या घरात आता कुळी राहिली नाही. नियम भावाने मोडला आणि शिक्षा बहिणीला! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

"आता कोनीच येनार नाही व," अमिता मला म्हणाली. फॉलची सुई तिच्या हातात तशीच होती. "बापूजी गेल्यावर मी कोठी राहू? भूपेंद्रच्या घरी, त्याच्या बायकोचं तोंड पाहत?"

ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझं माहेर लोधीखेड्याचं. तिथे आमच्या शेजारी गुणवंता राहतो. चाळिशी उलटलेला, संत्र्याचा लहानसा बगीचा, निर्व्यसनी माणूस. पण शेतीवाल्याला आता पोरगी देतो कोण? सगळ्यांना नागपूरचा नोकरीवाला हवा. मी अमितापुढे त्याचं नाव काढलं. तिने फार विचार केला नाही. "बापूजींले नाही विचारत," म्हणाली. "त्या घरच्यायनं हो म्हटलं तं मी तशीच निघून येईन." आयुष्यात पहिल्यांदा ती असं बोलली आणि आम्ही बसने लोधीखेड्याला गेलो.

गुणवंताची माय ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. अमिता तिच्या शेजारी पोत्यावर बसली आणि न सांगता शेंगांना हात घातला. म्हातारी खूश झाली. "हात चालते व पोरीचा! नाही तं आताच्या पोरी पहिले नखं पाहतात." गुणवंता समोर बाजेवर बसून संत्रं सोलत होता. फोडी त्याने अमिताच्या हातावर ठेवल्या आणि बगीचा पाहायला येता का म्हणून विचारलं. एकोणचाळीस वर्षांची अमिता अशी लाजली की मी दुसरीकडे पाहिलं. जमलं, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात म्हातारीने सहज विचारलं, "कोन्या देशमुखाची व तू? इकडं देशमुख लय हायेत."

बापूजींची वंशावळ इथे नको म्हणून मी खोकले. पण उपयोग काय? नीट बोलायला लागली तेव्हापासून अमिताला याच एका प्रश्नाचं उत्तर घोकून दिलेलं होतं. तिची पाठ आपोआप ताठ झाली. तिने आजोबांचं नाव सांगितलं, सौसरजवळचं मूळ गाव सांगितलं आणि बापूजींनी शिकवल्याप्रमाणे शेवटी म्हणाली, "मालगुजार."

म्हातारीचे हात थांबले. "मोठ्या मालकाची नात?"

ती गुडघ्यावर हात टेकत उठली. गुणवंताही बाजेवरून उठला. त्याचे आजोबा त्या घरी सालदार होते, उभा जन्म त्यांनी मालकाच्या गोठ्यात काढला होता. हे मला माहीत असतं तर मी अमिताला तिथे नेलंच नसतं. म्हातारीने अमिताच्या पुढ्यातलं शेंगांचं सूप काढून घेतलं, आतून खुर्ची आणली आणि पदराने पुसली. "इथं बसा बाई. खाली नोका बसू."

"मावशी, आमच्या घरी काहीच नाही राहिलं," अमिता म्हणाली. "मी लोकायच्या साड्यांले फॉल लावून राहिली."

"असन बाई. पन मालक ते मालक."

"मले मालक नाही व्हायचं!" तिचा आवाज फाटला. "मले या घरात राहायचं हाय. मी स्वयंपाक करीन, बगीच्यात येईन, तुम्ही म्हनान ते करीन. मले परत नोका पाठवू."

म्हातारीचे डोळे भरून आले आणि तिने हात जोडले. "माहा पोरगा बिनलग्नाचा राहिला तं राहिला. पन मोठ्या मालकाच्या नातीच्या हातानं शेन काढून घेतलं, तं वर गेल्यावर सासऱ्याले काय तोंड दाखवू?"

शिवी दिली असती तर मी तिच्याशी भांडले असते. हात जोडणाऱ्याशी कसं भांडायचं?

अमिता गुणवंताकडे वळली. "तुमी तरी काही बोला."

तो जमिनीकडे पाहत होता. "माय म्हनते ते बरोबर हाय, बाईसाहेब."

आम्ही निघालो. गुणवंताने संत्र्यांची पिशवी उचलली आणि बसपर्यंत पोचवायला आला. अमिता पुढे चालत होती, तो बराच मागे. दोघांना जोडीने चालता यावं म्हणून मी चपलेचं निमित्त करून थांबले. अमिता हळू झाली, तर तोही हळू झाला. शेवटी ती थांबून मागे वळली.

"या ना," ती म्हणाली. "सोबत चाला."

तो पिशवी धरून जागच्या जागी उभा राहिला. ती वळून पुन्हा चालायला लागेपर्यंत त्याने पाऊल उचललं नाही.