सलमाच्या तळहातावरचं दही

नागपूरहून निघाले तेव्हा टॅक्सी फाटकाशी उभी होती, बॅगा चढल्या होत्या आणि आई स्वयंपाकघरात दह्याचं भांडं शोधत होती. ‘अगं, विमान थांबायचं नाही!’ म्हणून मी ओरडले. ती धावत आली, माझ्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवली आणि म्हणाली, ‘नीट जा, नीट परत ये.’ दोन वर्षांचं प्रोजेक्ट होतं. आता ग्लासगोत फ्लॅट आहे, मॉर्गेज आहे, पासपोर्टही इथला आहे. परत कधी येतेस, हे आईने विचारणं केव्हाच सोडलं.

तुम्ही तिकडे राहिलेले सगळे विचारता, शनिवारी हिचा फोन का लागत नाही? तर शनिवारी मी चर्चच्या हॉलमध्ये चहा करते. दूरच्या एका देशात युद्ध पेटलं आणि तिथून जीव वाचवून आलेली माणसं आमच्या वस्तीत राहायला आली, तेव्हा मार्गारेट नावाच्या निवृत्त शिक्षिकेने त्यांच्या मदतीला हा शनिवारचा गट काढला. थंडी सरेपर्यंतचं काम, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं. लोकांनी कोट दिले, बाळांच्या प्रॅम दिल्या, एकाने पियानोसुद्धा आणून ठेवला. मी आलं घालून लग्नघरासारखा चहा उकळला. मग युद्ध लांबलं, बातम्यांतून गेलं आणि मदतीला येणारेही पांगले. कोट आजही ढीगभर आहेत. येणाऱ्यांना हवी असते ती इथे राहायची परवानगी, आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच हातात नाही. फार चीड येते मला या गोष्टीची.

तिथेच सलमा भेटली. हे तिचं खरं नाव नाही आणि देशाचंही नाव लिहीत नाही, कारण तिचे भाऊ अजून तिथे आहेत. ती शाळेत भूगोल शिकवायची. युद्धाविरुद्ध चारचौघांत बोलली म्हणून तिला न्यायला माणसं आली. ती मागच्या दाराने निसटली. आई आतल्या खोलीत नमाज पढत होती, तिला हाकही मारता आली नाही.

सलमाचा आश्रयाचा अर्ज एकदा नाकारला गेला होता. अपिलाच्या सुनावणीच्या दिवशी मी सकाळीच दह्याचा डबा घेऊन तिच्याकडे गेले. परीक्षा असो, मुलाखत असो, आपण दही दिल्याशिवाय सोडतो का कुणाला? तिने हात पुढे केला, मी त्यावर चमचाभर दही ठेवलं. ‘हे कशासाठी?’

‘गेलेलं माणूस सुखरूप घरी परत यावं म्हणून,’ मी मोठ्या कौतुकाने सांगून बसले.

ती तळहाताकडे बघत राहिली. तिला घरी परत पाठवू नये, यासाठीच तर ती निघाली होती.

‘परत जायचं नसेल, त्याला काय देता तुम्ही?’ तिने विचारलं. तिने माझ्यासाठी म्हणून ते दही खाल्लं, आणि आम्ही बस पकडली.

रविवारी फोनवर मी हाच प्रश्न आईला विचारला. ‘त्याला काय द्यायचं बाप्पा? त्याला तर आपण जाऊच देत नाही ना.’

अपील फेटाळलं गेलं. अजून एक वाट आहे म्हणे, पण तिच्या वकीलबाई ते सांगताना आमच्याकडे बघत नव्हत्या. तेवढ्यात सरकारने सलमाला पार दक्षिणेला, साउथहॅम्प्टनच्या बाजूला हलवायचं ठरवलं. मार्गारेटने पत्रं लिहिली, मी फोन केले, आणि सगळीकडून सभ्य भाषेत नकारच आला. निघायच्या दिवशी व्हॅन हॉलसमोरच उभी होती. डबा माझ्या पिशवीत होता, पण तो काढायचा मला धीर होईना.

सलमानेच हात पुढे केला. ‘दही?’

‘पण परत कुठे यायचं?’

तिने हॉलच्या दाराकडे बोट दाखवलं. ‘इथे. तुझ्या त्या भयंकर गोड चहाला.’

मी दही ठेवलं. माझे डोळे इतके भरले होते की अर्धं तिच्या बाहीवर सांडलं. आधी तिचे मेसेज यायचे. आता फोन बंद लागतो. तिला परत पाठवलं की अजून कुठे हलवलं, आम्हाला कुणी सांगत नाही. विचारायचा आम्हाला हक्कच नाही, आम्ही तिचे कोण?

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की पूर्वी मी झटकन नागपूर म्हणायचे. हल्ली त्या हॉलचं दारही डोळ्यांसमोर येतं. शुक्रवारी मी दही विरजते आणि शनिवारी डबा नेते. सलमा येत नाही. मार्गारेट तो फ्रिजमध्ये ठेवते.

आई दर रविवारी विचारते, ‘आली का गं तुझी मैत्रीण?’

‘नाही आली.’

परवा ती एवढ्यावर थांबली नाही. इतक्या वर्षांनी तिने पुन्हा विचारलं, ‘आणि तू?’